उन्हात घातलेली सनई

या मे महिन्याच्या सुट्टीत, पहिल्या आठ दिवसांतच, मी तेवीस सीड्या आणि अकरा रेकॉर्डी ऐकून संपवल्या. आकडा मुद्दाम सांगते आहे. मी शाळेत गणित शिकवते, आणि मोजल्याशिवाय मला आनंदसुद्धा धड होत नाही. वर्षभर पेपर तपासायचे, वेळापत्रकं लावायची, पालकांची समजूत घालायची, आणि कपाटात ही सगळी गाणी नुसती दाटीवाटीने उभी. सुट्टी लागली त्या दिवशी घरी येऊन पर्स खुंटीला लावली, आणि चहासुद्धा न घेता पहिली सीडी आत सरकवली. तो छोटा खण आत जाताना जो आवाज येतो ना, तो ऐकला की माझं वय वीस वर्षांनी कमी होतं.

माझे नियम ठरलेले आहेत. सकाळी सीडी. सीडी लावून भाजी चिरता येते, भाकरी थापता येते, मध्येच दारावर मासेवाली आली तर बांगड्यांचा भावही करता येतो. संध्याकाळी रेकॉर्ड. तिच्यापुढे हातपाय धुऊन बसावं लागतं. ती धड बसू देत नाही आणि धड उठूही देत नाही, वीस मिनिटं झाली की उलटवा. मला ते आवडतं. आयतं वाजत राहणारं गाणं मी फोनवरही ऐकते, नाही असं नाही, पण ते ऐकलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

सीड्या येतात समुद्रावरून. नवरा बोटीवर इंजिनिअर आहे. बोट बंदराला लागली की बाकीचे लोक अत्तरं, चॉकलेटं शोधतात, आमचा माणूस जुन्या सामानाचं दुकान शोधतो आणि कव्हर बघून सीडी उचलतो. त्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही, चित्रातलं कळतं. एकदा फांदीवर बसलेल्या सुंदर पक्ष्याचं चित्र पाहून त्याने आणलेली सीडी लावली, तर आत तासभर निव्वळ पक्षी. गाणं नाही, वाद्य नाही. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ह्यां आयकाक बोटीवर कित्याक जावक व्हया? मागल्या दारी बस, फुकट गावता."

सासूबाईंना मी आई म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, दात थोडे, पण कान असा की शेजारच्या वाडीत नारळ पडला तर कुणाच्या माडाचा ते सांगतील. माझ्या गाण्यांकडे त्यांचं लक्ष नसतं असं त्या दाखवतात. परवा एक सीडी लावली होती, कुठल्याशा बंदरातली, पोर्तुगीज भाषेत गाणारी एक बाई आणि मागे दोन गिटार. पहिलं गाणं संपायच्या आत आईंचा हात सुपात थांबला. "ह्या बायचो कोण गेलो गो?" त्यांनी विचारलं. मला भाषा येत नव्हती. पण ते गाणं आम्ही दोघींनी लागोपाठ तीनदा ऐकलं, आणि दुपारचं जेवण दोन वाजता झालं.

रेकॉर्डी मात्र मी स्वतः जमवते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून, मुंबईची खोली विकून गावी आलेल्यांच्या ट्रंकांतून. आणि इथेच आमच्या किनाऱ्याची गंमत सुरू होते. पावसाळ्यात इथे चपलेला बुरशी येते, पट्ट्याला येते, भिंतीवरच्या माणसांना येते, मग रेकॉर्डीला का सोडेल? प्रत्येक नवी जुनी रेकॉर्ड आधी रिठ्याच्या पाण्याने धुवायची, आईंच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपायची आणि स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभी करून सुकवायची. आमच्याकडे ताटाळ्यात चार ताटं आणि सहा रेकॉर्डी असं दृश्य नेहमीचं आहे. आलेला पाहुणा एकदा तरी चुकीची वस्तू उचलतो.

तर नवव्या दिवशी स्पीकरवाले काका आले.

वाडीच्या वळणावर त्यांचं घर. चाळीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या लग्नांना, पूजांना, जत्रांना आपला कर्णा लावला. माडावर चढून कर्णा बांधणं, खाली खुर्चीवर रेकॉर्डींची पेटी घेऊन बसणं, मधे मधे "नवऱ्यामुलाच्या मामांनी ताबडतोब मांडवात यावे" असं खास शुद्ध मराठीत सांगणं, हे सगळं त्यांचं. आता डीजे आले आणि काकांचं सामान पडवीत गोणपाटाखाली गेलं. त्या दिवशी ते कापडी पिशवी छातीशी धरून आले. पिशवीत एक मोठी रेकॉर्ड, सनईची. वर पांढरी बुरशी, पीठ सांडल्यासारखी. कव्हर कधीच हरवलेलं, मधल्या लेबलावरची नावं पुसून गेलेली.

"बाई, ही माका धुवन दी," ते म्हणाले. "नातीच्या लग्नाची सकाळ हिच्यान उघडूची आसा. मागसून डीजेवाल्याक काय तो धिंगाणो घालांदे."

लग्न आठवड्यावर. नवरा मुलगा इन्सुलीचा, लग्न काकांच्याच दारात. मुलाकडचे डीजे घेऊन येणार होते, पण सकाळी सहाची सनई काकांची, हे त्यांनी सोयरिकीच्या बैठकीतच ठरवून घेतलं होतं म्हणे. मानपानाचं काही मागितलं नाही, एवढंच मागितलं. ही सनई मी ओळखत होते. लग्न होऊन मी या घरी आले, तेव्हा आमच्या पूजेच्या सकाळी हीच वाजली होती. नवं घर, नवी माणसं, आणि माडावरून ती सुरावट उतरत आलेली. ती रेकॉर्ड आज माझ्या हातात! मला इतका आनंद झाला की काकांना चहा विचारायचंही राहून गेलं, तो आईंनी दिला.

मी लगेच विचारलं, धुतल्यावर हिची एक सीडी करून ठेवू का? नवऱ्याने आणलेलं सीडी भरायचं यंत्र आहे माझ्याकडे. काका म्हणाले, "माका नको. तुका व्हयी तर कर."

पण वाजवायची कशी? माझ्या प्लेअरची सुई झिजली होती. चार दिवस प्रत्येक गायिका बोबडी वाटत होती. तसल्या सुईने काकांची सनई वाजवणं म्हणजे पाहुण्याला फुटक्या कपातून चहा देणं. म्हणून ठरवलं, उद्या सावंतवाडी, नवी सुई, आणि मगच ऐकायची. सकाळी उठून काकांची आणि माझ्या पाच अशा सहा रेकॉर्डी धुतल्या, ताटाळ्यात लावल्या, तेवढ्यात एसटीची वेळ झाली. पायात चपला सरकवता सरकवता आईंना म्हटलं, "आई, त्यो रेकॉर्डी थंय सुकतत, वायच लक्ष ठेवा हां."

सावंतवाडीला रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. दुकान एवढंसं, आत वायरींचं जंगल. त्यांनी माझी जुनी सुई भिंगाखाली धरली, माझ्याकडे पाहिलं आणि "अरेरे" म्हणाले, जणू मी कुणाला उपाशी ठेवलं होतं. मग खणातून नवी काढली. त्यांच्याकडे शेवटची होती! परतीच्या बसमध्ये मी ती डबी पर्समध्ये न ठेवता मुठीत धरून बसले. कुडाळला बस बदलली, धामापूरच्या रस्त्याला लागलो, आणि मी मनात संध्याकाळचा कार्यक्रम लावत होते. पहिली सनई, अर्थातच. मग दुसरं काही लावायचंच नाही, पुन्हा सनईच.

साडेतीनला घरी पोचले. खळ्यात, म्हणजे दारासमोरच्या अंगणात, वाळवण पसरलेलं होतं. मे महिन्यात आमच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला कोकमाची सोलं, लालभडक, दुसरीकडे तांदळाच्या फेण्या, मिरच्या. आणि मधोमध, धुतलेल्या चटईवर, एकमेकींपासून सारखं अंतर ठेवून, माझ्या सहा रेकॉर्डी. कावळे बसू नयेत म्हणून आईंनी शेजारी काळी छत्री उघडून ठेवली होती. शेजारी. वर नाही.

मी धावत जाऊन काकांची उचलली. हात भाजला. कड दोन ठिकाणी लाटेसारखी वर आली होती, आणि मध्ये खोलगट, द्रोण करावा तशी. माझ्या पाचांपैकी दोनांत तर आमटी वाढता आली असती.

मी ओरडले. वयाने माझ्या दुप्पट असलेल्या बाईवर, दारात, सगळ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले. "आई, ही काय सोलां आसत? काय केलास ह्यां?"

आई पदराने हात पुसत बाहेर आल्या. त्यांना खरोखरच कळेना. "सकाळपासून वली ती वलीच," त्या म्हणाल्या. "तूच म्हणतंस मां, बुरशी येता? मगे उन्हात घातल्याबिगर बुरशी खंय जाता?"

या घरात गोधडी उन्हात पडते, लोणच्याची बरणी पडते, जुनी कागदपत्रं पडतात, एकदा माझं बी.एड.चं प्रमाणपत्रही पडलं होतं. मे महिन्यात जे ओलं ते उन्हात, आणि तेही पाऊस यायच्या आत, हा शंभर पिढ्यांचा हिशोब. मी "सुकतत" म्हणाले, त्यांनी सुकवलं. सकाळी ताटाळ्यातून सहाही रेकॉर्डी एक एक करून, कडेने धरून, त्या बाहेर घेऊन आल्या होत्या. मी त्यांना नेहमी कडेने धरायला सांगते म्हणून. पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी पायरीवर बसून चक्क रडले, आणि त्या आत जाऊन बसल्या. रात्री त्या जेवल्या नाहीत, मीही त्यांना जेवा म्हटलं नाही. नवऱ्याला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, "कव्हरं बरी आहेत ना?"

सकाळी मी एकटीच काकांकडे निघाले, तर आई पायात चपला घालून फाटकात उभ्या. "मी येतंय. मी घातलंय, मीच सांगतलंय." आम्ही दोघी पुढेमागे चालत गेलो.

काकांच्या दारात मांडवाचे खांब उभे होते. काकांनी रेकॉर्ड घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली, सुतार फळी बघतो तशी. आईंनी सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. मी मध्येच म्हटलं, काका, ही सनई मी फोनवर शोधून काढते, सीडीवर भरून देते, एकदम स्वच्छ, खरखर नाही, काही नाही. माझा आवाज मलाच फेरीवाल्यासारखा वाटत होता.

"तुझ्या फोनातली सनई सगळ्यांची," काका म्हणाले. "ही माझी आसा. ह्या वाडीतल्या एकूण एक चेडवांची सकाळ हिणा उघडल्यान. माझ्या नातीचीच तेवढी ऱ्हवतली?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने रेकॉर्ड हलकेच पुसली. मग त्यांनी विचारलं, "कितको येळ होती उन्हात?"

"अकरांपासून साडेतीनपर्यंत," आई म्हणाल्या.

काकांनी श्वास सोडला. "मांडवात ऊन इला की आमची पण वाकडी होय. दोन काचांमधी घालूची, सकाळच्या कवळ्या उन्हात धरूची, मगे चिऱ्याखाली. उन्हान केला ता उन्हानच फेडूचा." त्यांच्या स्वतःच्या काचा कधीच फुटल्या होत्या. लग्नाला पाच दिवस होते. मांडवाची कामं त्यांच्या डोक्यावर, म्हणून रेकॉर्ड सरळ करायचं काम आमच्यावर आलं. येताना माझ्या पायांना पंख फुटले होते. उपाय आहे! गणिताच्या बाईला एवढंच लागतं, उत्तर आहे हे कळलं की पुरे.

पण काच? बाजारातला काच कापणारा स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नाला गेलेला, दुकानाला कुलूप. मी ओळखीपाळखीच्यांना फोन लावत बसले. तेवढ्यात आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आई स्टुलावर चढून भिंतीवरचा मामंजींचा फोटो उतरवत होत्या. मामंजी जाऊन बारा वर्षं झाली, आणि त्या फोटोला दिवाळीखेरीज कुणी हात लावत नाही.

"आई, नको, उतरा बघू खाली."

"तेंका काय," आई म्हणाल्या, "ते काचेबिगर पण बघतले."

एक काच झाली. तेवढ्याच मापाची दुसरी होती देवघरावरच्या गणपतीच्या तसबिरीची. तिथे मात्र आई थांबल्या. देवाची काच अशी कशी काढायची? गाऱ्हाणं घालायला हवं. आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं, आणि आमचा पुरुष कुठल्या समुद्रात होता ते त्याच्या कंपनीला माहीत. आईंनी पदर खोचला, हात जोडले आणि स्वतःच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी काय तुझी काच काढूक घेतली हा, ती चार दिसांच्या बोलीन. माझ्या हातसून चूक झाली ती पोटात घे. त्या म्हाताऱ्याची सनई सरळ करून दी, आणि माझ्या सुनेच्या मनातलो राग काढून टाक रे म्हाराजा."

आणि त्या थांबल्या. गाऱ्हाण्यात प्रत्येक मागणीला दुसऱ्या कुणीतरी होकार भरायचा असतो, त्याशिवाय ते देवाला पोचत नाही. घरात दुसरं कोण होतं? मी घसा साफ केला आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा." ओरडल्यानंतर मी त्यांच्याशी मनापासून बोललेला तो पहिला शब्द. आईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तसबिरीचे खिळे काढायला लागल्या. पण त्या दिवशी आम्ही दोघी एका ताटाशेजारी एक ताट घेऊन जेवलो, आणि मी त्यांना माफ करा म्हणाले. "खा आता," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस काय मजा आली म्हणून सांगू! सकाळी आठला रेकॉर्ड दोन काचांमध्ये, काचा पाटावर, पाट खळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. मी घड्याळ घेऊन, आई बोट घेऊन. माझं म्हणणं वीस मिनिटं, त्यांचं म्हणणं काचेला हात लावून कळतं. त्यांचं बोट बरोबर निघालं. पापड किती वाळला, सोलं कधी उलटायची, हे ज्या बोटाला कळतं त्याला रेकॉर्ड किती नरम झाली हेही कळलं. "आता!" त्या म्हणायच्या, की मी पाट उचलून सावलीत न्यायची, वर दुसरा पाट, त्यावर जांभ्याचा चिरा. संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. शेजारणी विचारायला येऊ लागल्या, बाई, आज कितपत वाकली? उतरली का? माझ्या बोर्डाच्या निकालाचीसुद्धा कुणी इतकी चौकशी केली नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी काचा उघडल्या. रेकॉर्ड सपाट! म्हणजे, जवळजवळ. मधला भाग चकचकीत सरळ, पण बाहेरची कड, सुमारे दोन बोटं रुंद, अजून लाटा मारत होती. आणखी तापवली तर मधलंही बिघडेल, असं आईंचं बोट म्हणालं. प्लेअरवर ठेवली, नवी सुई कडेवर टेकवली, तर लाट आली की सुई उडून बाजूला. तीनदा केलं, तीनदा उडाली. मग सुई दोन बोटं आत नेऊन क्षणभर टेकवली. धरली! घट्ट धरली. उजेडात नीट पाहिलं तर त्या रेकॉर्डीचे दोन भाग दिसत होते, बाहेरचा घासून घासून राखाडी झालेला आणि आतला नव्या कोऱ्या छत्रीसारखा काळा. मी ते पाहिलं आणि त्याचा काही अर्थ लावला नाही. मला मोह झाला होता पुढे ऐकायचा, किती झाला ते माझं मला माहीत, पण सुई उचलली. लग्नाआधी ही माझ्या घरात वाजणं बरं नव्हे, असं उगाच वाटलं.

काकांना जाऊन सांगितलं. सुरुवात गेली, काका. तुमची ती पहिली आलापी गेली, जी सगळ्या वाडीला पाठ आहे.

"सुरवातच गेली म्हण," ते म्हणाले.

"आतलो भाग शाबूत आसा. उलटी बाजू लावायची काय?"

"ती सांजची आसा. सकाळी लावतत?" त्यांनी मांडवाकडे पाहिलं. "मगे आतलोच लावया. नसल्यापेक्षा बरो." पण त्यांचा चेहरा उतरला होता. नातीच्या सकाळी अर्धवट सनई, हे त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि ते मला दिसत होतं.

लग्नाच्या दिवशी मी आणि आई साडेपाचलाच गेलो. काकांच्या प्लेअरची मोटर दमलेली, म्हणून माझा प्लेअर उचलून नेला होता, नव्या सुईसकट. तो त्यांच्या जुन्या अँप्लिफायरला जोडला. माडावर कर्णा बांधलेला, तो दुसऱ्या कुणीतरी चढून बांधला होता, पण गाठ काकांनी खालून बघून दोनदा बदलायला लावली होती. सहा वाजले. काकांनी देवाचं नाव घेतलं, कडेपासून दोन बोटं मोजली आणि सुई टेकवली.

सनई मधूनच सुरू झाली, एखाद्याच्या बोलण्यात आपण उशिरा पोचावं तशी. चुलीकडच्या बायका थबकल्या. काकांचा मुलगा, नवरीचा बाप, लगबगीने बाहेर आला. "बाबा, ही खंयची लावलास? आपली खंय आसा?" काकांनी नुसता हात वर केला. लय वाढत होती. मी ती सनई इतकी वर्षं ओळखते असं समजत होते, आणि हे असं काही तिच्यात आहे याचा मला पत्ता नव्हता. भटजी आले, म्हणाले, "काका, जरा माईक द्या, सूचना द्यायच्या आहेत."

"थांबा," काका म्हणाले.

"दोनच मिनिटं, काका."

"थांबा म्हटलंय मां!"

आणि त्याच वेळी दुसरी सनई आली. पहिलीच्या खालून, हळूच, मग तिच्या बरोबरीने, मग तिला उत्तर देत. एक विचारी, दुसरी सांगे. काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"दोघे आसत!" ते ओरडले. "बाई, दोघे आसत गो!"

दोन्ही सनया एकमेकींना ढकलत, चढवत, पार टोकाला गेल्या आणि एकदम थांबल्या. सुई मधोमध जाऊन टकटक करत राहिली. काकांनी सुई उचलली, आणि डोळे पुसले, उघड उघड, सगळ्यांसमोर.

"चाळीस वर्सां," राखाडी भाग संपून काळा सुरू होतो तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "मी पिन हयसरच उचललंय. भटजी माईक मागी, नायतर कोण तरी चिठी घेवन येय. माका वाटला एकच माणूस वाजवता. आणि हो दुसरो इतकी वर्सां आत बसान वाट बघी होतो." मग ते आईंकडे वळले. "वयनी, तुमी उन्हात घातलास म्हणान गावलो."

आईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला शेजारी बसूनही सांगता आलं नाही.

भटजींनी घड्याळ पाहिलं. काकांनी मुलाला विचारलं, "मुहूर्ताक येळ आसा मां?" होता, भरपूर होता. "मगे व्हकलेक भायर बोलव."

नवरी बाहेर आली. हळदीचे हात, अर्धी वेणी घातलेली, अर्धी हातात धरलेली. काकांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, पुन्हा दोन बोटं मोजून सुई टेकवली आणि तिचा हात धरून तिच्याशेजारी उभे राहिले. एकटी सनई सुरू झाली. नात त्यांच्याकडे बघू लागली.

"वायच थांब," ते तिला म्हणाले. "दुसरो येतलो."